पाणी धरणारी जागा

आधी माफी मागतो. घराबद्दल लिहायचं तर लिहिणाऱ्याचं स्वतःचं घर असावं, निदान त्याने एखादं घर घ्यायचं मनात तरी आणलेलं असावं. माझ्याकडे दोन्ही नाही. मी तिशीला टेकलो आहे, अजून शिकतो आहे, आणि चंद्रपुरात एका भाड्याच्या खोलीत एका मित्रासोबत राहतो. त्या खोलीत माझी म्हणावी अशी वस्तू म्हणजे एक लोखंडी पलंग, तोही आधीचा भाडेकरू सोडून गेलेला. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. आधी बहीण गेली, मग मी. त्यामुळे लिहिणारी माणसं वेगळी असतात, ही माझी समजूत अजून पुरती गेलेली नाही. ती बाजूला ठेवून लिहितो. जे चुकेल ते माझ्या सांगण्यात चुकेल. ज्यांच्याबद्दल सांगतो आहे ती माणसं माझ्या लिहिण्यापेक्षा बरी आहेत, एवढं धरून चालावं.

आमचं गाव सावली या तालुक्याच्या गावापासून आत, धानाच्या पट्ट्यात आहे. घर मातीचं, वर कवेलू, म्हणजे कौलं. दर उन्हाळ्यात ते कवेलू फेरावे लागतात. माकडांनी फोडलेले काढायचे, सरकलेले बसवायचे, खालचे लाकडी फाटे कुजले असतील तर बदलायचे. बाबा वर चढत, आई शिडीवर उभी राहून कवेलू पुढे देई, आम्ही भावंडं खालून तिच्या हातात देत असू. घर म्हणजे दरवर्षी करायच्या कामांपैकी एक काम होतं. ते आपल्या मालकीचं आहे असं कुणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. कुणाचं नव्हतं असंही नाही. गावात बैल विकले जात, कधी जमीन विकली जाई, पण घर विकत घेतलेला माणूस मी लहानपणी पाहिला नव्हता. घर बांधत, पडलं की पुन्हा बांधत.

म्हणून बहिणीने फोनवर "घर घेणं आहे" असं सांगितलं, तेव्हा मला ते वाक्य जरा परकं वाटलं. शहरात ते रोज कानावर पडायचं. पण आमच्यापैकी कुणाच्या तोंडी ते पहिल्यांदाच आलं होतं.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. बाई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. बारावीनंतर तिने नर्सिंग केलं, आरमोरीला काही वर्षं काढली आणि आता गडचिरोलीला सरकारी दवाखान्यात आहे. लग्न केलेलं नाही. का नाही, हे मी विचारलेलं नाही आणि इथेही लिहिणार नाही.

मी ही बातमी माझ्या खोलीतल्या जोडीदाराला सांगितली. तो वीज केंद्रात ठेकेदाराकडे फिटर आहे, वयाने माझ्याएवढाच. कणीक मळत होता.

"काऊन घेऊन राह्यली बाई घर?" तो म्हणाला. "उद्या लग्न झालं का नवऱ्याच्या घरी जाईन."

"लग्नासाठी नाई घेत."

"मंग इन्व्हेस्टमेंट?"

"तेई नाई वाटत."

"मंग हौस," तो म्हणाला. "मी तं घेत नाई बाप्पा. ठेकेदार बदलला का मी बदलतो. आज इथी, उद्या अजून कुठी. घर का डोक्यावर घेऊन फिरू?"

"पोरीवाले विचारतेत नं पण."

"विचारतेत. मागच्या टायमाले एक आले होते. पोरीचा बाप दारातूनच खोली पायत होता. तुझा पलंग पाह्यला, माझी गादी पाह्यली, अन् चहा न पेता गेला." तो कणकेला तेल लावत म्हणाला, "तुह्या पलंगानं माझं लग्न मोडलं."

आम्ही दोघंही हसलो. आमच्या वयाच्या बहुतेकांचं असंच आहे. घर नको असं ठामपणे कुणी म्हणत नाही, आणि घर हवं म्हणणाऱ्यालाही ते कुठे हवं हे सांगता येत नाही. नोकरी ज्या गावात असेल तिथे आपण कायम असू याची खात्री नसते. आणि जिथे कायम असू असं वाटतं, त्या गावात नोकरी नसते. मी हे कॉलेजात एकदा बोलून दाखवलं होतं, तेव्हा सर म्हणाले की हे लिहून काढा. पण मला त्यात लिहिण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

बाईला घर का हवं होतं ते मला पुढच्या शनिवारी गडचिरोलीला गेल्यावर कळलं. ती एका घराच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत राहत होती. घरमालकीण वाईट नव्हती. भाजी निवडताना मूठभर बाईसाठी वेगळी ठेवायची, ताप आला तर काढा करून द्यायची. पण समोरचं गेट तिच्या हातात होतं आणि ते ती जेवणं आटोपली की लावून घ्यायची. बाईची दुपारची पाळी संपून, पुढच्या नर्सला सगळं समजावून निघेपर्यंत कधी उशीर व्हायचा. मग फोन करायचा, बाहेर उभं राहायचं. गेट उघडताना मालकीण दर वेळी एकच म्हणायची, "मले काई नाई बाई, पण लोकं पायतेत."

बाईने दुसऱ्या खोल्याही पाहिल्या होत्या. गेट नसलेल्या ठिकाणी "एकट्याच का?" असं विचारत आणि हो म्हटलं की खोली आधीच कुणाला तरी दिलेली निघे.

"माझ्या पार्टनरले तं वाटते तुले हौस आहे," मी म्हणालो.

"तुमाले गेट दिसतच नाई," ती म्हणाली. "तुमी पोरं. भिंतीवरून उडी मारून जासान." मग डबा धुता धुता म्हणाली, "मले मोठं घर नाई पायजे. कोणाले न सांगता आत शिरता आलं पायजे, बस."

तिला एवढंच हवं होतं, आणि पुढे जे झालं ते सगळं त्यासाठीच झालं.

पहिल्यांदा तिने एक फ्लॅट पाहिला. दवाखान्यापासून चालत जाता येईल असा, नव्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्याइतकी गॅलरी. तिला तो आवडला होता. मी पाहिलं की बाकीच्या खोल्यांत जाण्याआधी तिने मुख्य दार एकदा लावून पाहिलं आणि उघडून पाहिलं. बाबांना विचारल्याशिवाय व्यवहार करायचा नाही, हे तिने स्वतःच ठरवलं होतं. तिचा पगार, तिचं कर्ज, पण जागा बाबांनी पाहायची.

याचं कारण सांगायला हवं. आमच्या गावात जमीन घ्यायची असली की लोक बाबांना सोबत नेतात. कुठली बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, किती दिवस पाणी ठेवते, कुठल्या धुऱ्याखाली, म्हणजे बांधाखाली, उंदरांची बिळं असतील, कुठे कन्हार ही खरी काळी, जड माती आहे आणि कुठे नुसताच काळेपणा, हे ते चालता चालता सांगतात. शेजारच्या गावातूनही बोलावणं येतं. त्यांनी नको म्हटलेली जमीन घेतल्यावर लोक पस्तावलेले मी पाहिले आहेत. ते शिकलेले नाहीत, आणि या एका गोष्टीत त्यांना कुणी शिकवायला जात नाही. आम्ही तर नाहीच नाही.

बाबा धुतलेला सदरा घालून एस.टी.ने आले. फ्लॅटमध्ये त्यांनी भिंतीवर बोटाने ठोकून पाहिलं, नळ सोडून पाहिला. मग गॅलरीत जाऊन बराच वेळ खाली बघत उभे राहिले.

"आपल्या खाली कोण राह्यते?" त्यांनी विचारलं.

"मास्तर आहेत म्हणे एक," बाई म्हणाली.

"अन् वरतं?"

"वरतं अजून कोणी नाई. घेईन कोणीतरी."

"मंग जागा कोणाची?"

बिल्डरचा माणूस पुढे झाला. "बाबा, जागा सगळ्याईची. ज्याचा जेवढा फ्लॅट, तेवढा त्याचा हिस्सा."

"आमच्या गावात बी तीन भावाईची एक जागा आहे," बाबा म्हणाले. "सगळ्याईचीच. तिघंई कोर्टात तारखेले सोबतच जातेत, एकाच एस.टी.नं."

तो माणूस हसला. बाईही हसली. पण जिना उतरताना बाबा तिला हळूच म्हणाले, "माय, खाली उतरलं का इथी आपलं काईच नाई." आणि फ्लॅटचा विषय तिथे संपला. कुणी नाही म्हटलं नाही. तो फक्त पुन्हा निघाला नाही, आणि महिन्याभरात फ्लॅट दुसऱ्या कुणीतरी घेतला.

मला त्या वेळी काही म्हणायचं होतं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नव्हतं. मला फ्लॅट आणि प्लॉट दोन्ही सारखेच लांबचे वाटत होते. बाबांचं बोलणं मात्र ओळखीचं होतं.

चैत्र संपता संपता बाईने प्लॉट पाहायला सुरुवात केली. गावाबाहेर शेतं मोडून ले-आउट पडले होते. चुन्याच्या रेघा मारलेल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर दगड पुरलेले, मधून रस्त्यापुरता मुरूम टाकलेला. दलाल छत्री घेऊन उभा होता. त्याने आधी वरच्या अंगाचे प्लॉट दाखवले. तिथली जमीन लालसर, खडेरी होती. बाबांनी चप्पल काढून ठेवली आणि अनवाणी फिरले. टाचेने उकरून पाहिलं.

"हे तं बरड आहे," ते म्हणाले. "पाणी पडलं का निघून गेलं. इथी कुटकी बी नाई होणार."

मी मान हलवली. बाईनेही हलवली.

मग ते आपणहून खाली चालत गेले. जमीन हळूहळू उतरत होती. अगदी शेवटच्या ओळीत, कोपऱ्यावरच्या प्लॉटजवळ ते थांबले. तिथे भेगा पडल्या होत्या, हात जाईल एवढ्या. त्यांनी एक ढेकूळ उचललं, माझ्या हातातली बाटली घेऊन त्यावर थोडं पाणी ओतलं आणि तळहातावर मळलं. त्याची गोळी झाली. ती त्यांनी दोन बोटांत दाबली, तरी फुटली नाही. त्यांचा चेहरा बदलला. खूप दिवसांनी गावचं माणूस भेटावं तसा.

"हे जागा पाय," ते बाईला म्हणाले. "पाणी धरून ठेवते हे. वरतचं सगळं पाणी इथीच येऊन थांबन."

"बाबा, तुमची नजर मानली पायजे," दलाल म्हणाला. "कार्नर आहे. दोन अंगानं रस्ता. मी हे कोणाले दाखवत नवतो."

आणि आम्ही तिघंही खूश झालो. हे मला नीट सांगायचं आहे, कारण शहरातल्या माणसाला ते पटणार नाही. आम्हाला कुणी फसवलं नाही. दलाल काहीच खोटं बोलला नाही. बाबांनी जे सांगितलं ते अक्षरशः खरं होतं आणि मोठ्याने सांगितलं होतं. पण 'पाणी धरते' हे आमच्या कानाला जन्मापासून कौतुक म्हणूनच माहीत होतं. चांगली जमीन म्हणजे पाणी धरणारी. मुलीच्या सासरची जमीन कशी आहे विचारलं आणि 'पाणी धरते' असं उत्तर आलं की आमच्याकडच्या बायका निश्चिंत होतात. बाई इतकी वर्षं दवाखान्यात आहे, मी कॉलेजात आहे, पण त्या भर उन्हात आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही की इथे धान लावायचं नाही, इथे माणसाने राहायचं आहे.

बाईने कर्ज काढलं, रजिस्ट्री केली. तिच्या एकटीच्या नावाने. संध्याकाळी तिने वॉर्डात पेढे वाटले. घरमालकिणीलाही दिले. मालकीण म्हणाली, "बांधशीन कधी?" बाई म्हणाली, "दिवाळी झाली का." पाऊसकाळ जाऊ द्यायचा, मग पाया खोदायचा, असं ठरलं होतं.

आषाढात तिने मला फोटो पाठवला. आधी मला वाटलं चुकून गावच्या शेताचा पाठवला. पाणी होतं, त्यात आभाळ दिसत होतं आणि एका कडेला म्हैस बसली होती. मग मला कोपऱ्यावरचा पुरलेला दगड ओळखू आला. त्याचं फक्त डोकं वर होतं. खाली तिने काहीच लिहिलं नव्हतं. मी फोन केला.

"किती आहे?"

"पोटऱ्याईच्या वर," ती म्हणाली.

"उतरन."

"कुठी उतरन? सगळ्या ले-आउटचं पाणी इथी येते. बाबानं सांगतलंच होतं." तिच्या आवाजात राग नव्हता. दवाखान्यात पेशंटच्या घरच्यांना सांगताना ती जशी बोलते, तशी बोलत होती.

वरच्या अंगाला, त्या बरडावर, दोन घरं उभी राहिली होती. तिथली माणसं कोरड्या अंगणात बसून खाली पाहायची. त्यांच्यातल्या एका बाईने माझ्या बहिणीला रस्त्यात थांबवून विचारलं, "सिस्टर, औंदा कोणचं धान लावून राह्यल्या?" बहीण म्हणाली, "बारीक." हे तिनेच मला सांगितलं.

बाबांना सांगायचं की नाही, हा प्रश्न होता. रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे दिवस होते, ते शेत सोडून येऊ शकत नव्हते. बाई म्हणाली, फोनवर सांगायचं नाही. मीही तेच म्हणालो. ती मुरूम भरण्याची चौकशी करून आली. तेवढा मुरूम भरायचा तर घर बांधायला काही उरत नव्हतं. मग आम्ही दोघं रोवणा संपायची वाट पाहत राहिलो.

पोळा झाल्यावर बाबा आले. त्या दिवशी मीही गेलो होतो. ले-आउटच्या रस्त्यावरून चालताना वरच्या घरांपर्यंत ते सहज चालले, मग त्यांची चाल मंदावली. कोपऱ्यावर येऊन उभे राहिले. पाण्यात बगळे होते. बेडकांचा आवाज होता. त्यांनी चप्पल काढली, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आत शिरले. मधोमध जाऊन थांबले. पायाच्या अंगठ्याने तळ चाचपत होते, ते वरून कळत होतं. बाई म्हणाली, "बाबा, काचा असतीन, या बाहेर." ते आले.

"जागा चांगली आहे," ते म्हणाले. वाकून चप्पल उचलली. "धानाले."

बाईने पिशवीतून टॉवेल काढून दिला. त्यांनी पाय पुसले नाहीत, टॉवेल हातातच धरून ठेवला.

"मी घर पाह्यलंच नाई," ते म्हणाले. "मी बांधी पाह्यली."

"आमी तिघाईनंई तेच पाह्यलं, बाबा."

"तुमी शिकले नं पण."

त्यांनी ते टोचून म्हटलं नव्हतं. ते खरंच विचारत होते. इतकं शिकून हे आम्हाला कसं दिसलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं असावं. मलाही वाटतं. माझ्या अभ्यासात जमीन, मालकी, स्थलांतर यांवर पुष्कळ आहे. पण ढेकळाची गोळी झाली की बरं वाटायचं, ते कुठल्या पुस्तकाने पुसलं नाही.

परत येताना बाबा टपरीवर चहा प्यायला थांबले. ग्लास हातात घेऊन म्हणाले, "जमीन पाह्यणं मले येते. घर तू पाय, माय. मले बोलावू नोको." बाई म्हणाली, "बोलावीन. सामान उचलाले." ते जरासे हसले. गावी गेल्यावर त्यांनी काय केलं हे मला आईकडून कळलं. शेजारच्या गावाहून जमीन पाहायला बोलावणं आलं होतं, तर ते गेले नाहीत. पाय दुखतो म्हणाले. पाय दुखत नव्हता.

दिवाळीनंतर पाणी आटलं. प्लॉट पुन्हा सपाट दिसू लागला, नुसता थोडा काळसर. घरमालकिणीने त्याच सुमारास सांगितलं की मुलाचं लग्न ठरलं आहे, मागच्या खोल्या लागतील, उन्हाळ्याच्या आत पाहून घे. म्हणजे बाईकडे आता घर नव्हतं, घर बांधायला जागा होती पण बांधता येत नव्हतं, आणि राहायच्या खोल्याही सुटत होत्या. तिने प्लॉट विकायला काढला. दलाल तोच.

"बरोबर टायमाले आले मॅडम तुमी," तो म्हणाला. "आता कोरडं आहे. आताच दाखवू. संक्रांतीच्या आत काढून देतो."

पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक जोडपं आलं. दोघंही आमच्याच वयाची, नुकतं लग्न झालेली. ती शाळेत शिकवणारी, तो पंचायत समितीत. पोरगी फोनवर घराचा नकाशा दाखवत होती, इथे किचन, इथे झुला. मी त्या दिवशी तिथे होतो. बाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "आषाढात या पायले. इथी पोटरीभर पाणी राह्यते."

दोघं एकमेकांकडे पाहू लागली. पोरगा म्हणाला, "भरण टाकलं तं?"

"मी चौकशी केली. परवडत नाई. तुमी बी करून पाहा."

ती दोघं आभार मानून गेली. दलाल छत्री मिटून उभा राहिला.

"मॅडम, असंच सांगत राह्यल्या तं मरेपर्यंत इथी धानच लावत बसान."

"लावीन," बाई म्हणाली.

"तुमाले कोणी सांगतलं होतं का घेतानी?"

"होय. आमच्या बाबानं. चांगलं मोठ्यानं."

त्याला काही कळलं नाही. पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी त्याने बाईला बोलावलं नाही. पण रजिस्ट्रीच्या आधी बाईने त्या माणसाचा नंबर मिळवला आणि फोन करून सांगितलं. तोही गेला. मग एक वयस्क गृहस्थ येऊन गेले. विहिरीच्या आणि संडासाच्या टाक्यांच्या सिमेंटच्या रिंगा बनवायचा त्यांचा धंदा, गावात सगळे त्यांना रिंगावाले चाचा म्हणतात. बाई बोलायच्या आत ते प्लॉटभर फिरले, बुटाच्या टोकाने माती उकरून पाहिली, सलाम केला आणि सायकलवर बसून गेले. बाईला वाटलं, यांना आधीच कुणीतरी सांगितलेलं दिसतं.

मी माझ्या जोडीदाराला हे सांगत असे. त्याला बाईचं पटत नव्हतं. "सांगाले लागते, तेई खरं," तो म्हणायचा, "पण त्या जोडप्याले दुसरी जागा भेटून जाईन, बाईले कोण देईन?" एकदा म्हणाला, "मी म्हणत होतो नं, घेऊच नाई." मी म्हणालो, घेतलं नसतं तर गेटबाहेर उभी राहिली असती. तो म्हणाला, "घेऊन बी तिथीच उभी आहे." तो चुकीचं बोलत नव्हता, पण पुरतं बरोबरही नव्हता. नेमकं काय राहत होतं ते मला अजून मांडता येत नाही.

उन्हाळा लागला तेव्हा कॉलेजातल्या आमच्या विभागातर्फे आम्हाला क्षेत्रकार्यासाठी भामरागडच्या बाजूला पाठवलं. तिथे फोनला रेंज नव्हती. गावातली पोरं सांगायची की अमुक टेकडीवर, मोहाच्या झाडाखाली गेलं तर एखादी रेघ येते. मी गेलो, तर झाडाखाली आधीच तिघं हात वर करून उभे होते आणि कुणालाच काही आलेलं नव्हतं. त्या दिवसांत मी लोकांच्या घरांबद्दलच प्रश्न विचारत फिरत होतो, कारण आमच्या प्रश्नावलीत तो भाग होता. घर स्वतःचं आहे का? एका म्हाताऱ्याला हे दुभाष्याने गोंडीत विचारलं, तर तो बराच वेळ विचार करून काहीतरी म्हणाला. दुभाष्याने सांगितलं, "ते म्हणतेत, मंग कोणाचं राह्यते?" मला 'होय'च्या पुढे खूण करावी लागली.

मनात बाईचंच होतं. खोल्या सोडायची वेळ आली असेल. आता तिने काय केलं असेल, गावी गेली असेल का, रोज येऊन-जाऊन ड्युटी करत असेल का, एवढंच मी स्वतःशी विचारत होतो. तिने पुन्हा एखादा फ्लॅट पाहिला असावा असंही एकदा वाटलं. मग वाटलं, बाबांशिवाय ती पाहणार नाही, आणि बाबा आता येणार नाहीत.

परतताना बस आलापल्लीच्या जवळ आली तेव्हा सगळ्यांचे फोन एकदम वाजू लागले. माझाही वाजला. बाईचा मेसेज होता, आठवडा उलटून गेलेला. तिच्या नेहमीच्या पद्धतीने, स्वल्पविराम नाही, काही नाही. मी तो जसा आला तसा, फक्त विरामचिन्हं घालून इथे देतो.

"प्लॉट गेला. रिंगावाल्या चाचानं घेतला. त्याले पाण्याचं सांगाले फोन केला तं म्हणे, बेटी, वो तो मिट्टी देख के ही समझ गया था, म्हणून तं आलो. रिंगा भिजवाले मले पाणी लागतेच, अन् पावसाळ्यात जागा भरली तं तवा काम तसंबी बंद राह्यते. घेतला त्यापेक्षा कमीत गेला, पण कर्जातून सुटली. त्यानंच विचारलं कुठी राह्यता. त्याच्या बहिणीच्या दोन खोल्या आहेत बाजारात, दुकानावरतं. एकटीच का म्हणून नाई विचारलं. भाड्याच्याच आहेत, विकतच्या नाई. जिना सरळ रस्त्यावरून आहे, मधात कोणाचं दार नाई. बाबा आले होते, अलमारी त्याईनंच वरतं चढवली, आजच्या दिवस राह्यतो म्हणाले अन् दोन दिवस राह्यले. मले काल यायले उशीर झाला. ते झोपले होते, मी कुलूप उघडून आत गेली. घर घेणं सध्या नाई. तू पोचला का कळवजो."